‘लिमिट लावलंय, तरी इन्स्टा चालूच’: कुठून झिरपतंय ते आधी शोधा

विट्याला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीन फुटली, चार्जिंगची पिन गेली, स्पीकरच्या जाळीत पीठ अडकलं, ही रोजची कामं. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र एक वेगळंच गिऱ्हाईक वाढलंय. आई किंवा वडील येतात, फोन काउंटरवर ठेवतात आणि मागे नववी-दहावीचं पोरगं तोंड पाडून उभं असतं. “दादा, टायमर लावलाय ओ, तरी इन्स्टा चालतंयच. पक्कं लॉक टाका एकदाचं.” मी लॉक टाकून द्यायचो. पंधरा दिवसांनी तेच गिऱ्हाईक, तोच फोन, तीच तक्रार.

बरेच दिवस मीही कुलपावर कुलूप लावत बसलो. आता आधी एक प्रश्न विचारतो: पोरगं किती वाजता बघतंय आणि कुठल्या फोनवर? बहुतेकांना सांगता येत नाही. “सारखंच असतंय की हातात,” एवढंच उत्तर. छत गळायला लागलं तर आपण आख्ख्या स्लॅबवर डांबर ओतत नाही, ओल कुठे आलीय ते आधी बघतो. इथेही तसंच करायचं. खाली मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने लिहिलंय, आणि जिथे हटकून सापडतं तिथे जरा जास्त लिहिलंय.

टायमर नक्की कुठे लावलाय?

दहातले निम्मे फोन इथेच निकालात निघतात. पालकांनी मुलाच्याच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडलेलं असतं आणि इन्स्टाग्रामपुढे एक तास लिहून ठेवलेला असतो. ही सोय ज्याला स्वतःच स्वतःला आवर घालायचाय अशा माणसासाठी आहे. पोराच्या फोनवर ती लावणं म्हणजे त्याला खोलीत बसवून कडी आतल्या बाजूने लावण्यासारखं. वेळ संपली की ॲप करडं पडतं, पोरगं सेटिंगमध्ये जातं, टायमर काढतं, काम झालं की परत लावून ठेवतं. तुम्ही बघाल तेव्हा टायमर जागच्या जागी!

आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. हा टायमर रात्री बारा वाजता शून्यावर येतो. म्हणजे रात्री साडेअकराला तास संपला, तर बारा वाजून एक मिनिटाला नवा कोरा तास हातात. “सकाळी उठवत नाही हो लवकर,” असं ज्या आया सांगतात, त्यांच्या घरी मी आधी बारानंतरचा वापर बघतो. वेलबीइंगच्या डॅशबोर्डवर त्या ॲपचा तासातासाचा आलेख दिसतो. बारा ते एकचा खांब उंच असला की कारण तिथेच कळतं.

लॉक पालकाच्या हातात हवं असेल तर अँड्रॉइडवर गुगलचं ‘फॅमिली लिंक’ घ्या. फुकट आहे. ते तुमच्या फोनवर चालतं आणि मुलाच्या गुगल खात्याला जोडलं जातं. मूल तेराच्या वरचं असेल तर जोडताना त्याच्या फोनवर त्याची संमती लागते, म्हणजे चोरून लावायची सोयच नाही. काही वडिलांना ते खटकतं. मला ते बरं वाटतं, कारण सांगून बसवलेलं असलं की ते उघडं पाडण्यात पोराला मजा उरत नाही. रोजच्या मर्यादेसोबत ‘डाउनटाइम’ही, म्हणजे ठरलेल्या तासांत फोन बंद ठेवायची सोय, लावा, म्हणजे रात्रीच्या बाराची ती पळवाट बंद होते.

फॅमिली लिंक आहे, तरी चालतंय

आता खरी गंमत. इथून पुढे पोरांची हुशारी बघून कधीकधी मलाच वाटतं, या पोरांना दुकानात कामाला ठेवावं.

सगळ्यात सोपी पळवाट म्हणजे ब्राउझर. मर्यादा इन्स्टाग्रामच्या ॲपला लावलेली असते. क्रोम उघडून इन्स्टाग्रामची वेबसाइट लावली की तेच खातं, त्याच रील. फॅमिली लिंकमध्ये क्रोमच्या भागात जाऊन ब्लॉक केलेल्या साइटच्या यादीत तिचं नाव घाला. पण ही यादी फक्त क्रोमपुरती आहे. सॅमसंगचा स्वतःचा ब्राउझर असतो, शाओमीचा वेगळा, शिवाय प्ले स्टोअरवरून आणखी कुठलाही घेता येतो. क्रोम ठेवा आणि बाकीचे ब्राउझर फॅमिली लिंकमधूनच ब्लॉक करून टाका.

दुसरी वाट म्हणजे त्याच ॲपचं धाकटं भावंड. इन्स्टाग्राम लाइट हे फोनच्या हिशोबी वेगळं ॲप आहे, फेसबुक लाइटही वेगळं. आणि पोराला मुळात पाहिजे असतात त्या रील. त्या फेसबुकवर आहेत, यूट्यूबवर शॉर्ट्स आहेत, स्नॅपचॅटवर स्पॉटलाइट आहे, मोज आहे. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा काय झालं ते आठवा. आठवडाभर हळहळ, मग सगळी मंडळी दुसऱ्या घाटावर. एका ॲपला अर्धा तास लावून बाकीची मोकळी सोडली तर पाणी उताराकडे जाणारच. म्हणून एकेका ॲपपेक्षा आख्ख्या फोनची रोजची मर्यादा जास्त कामाची.

तिसरी वाट मोठ्यांना माहीतच नसते. शाओमीत ‘ड्युअल ॲप्स’, सॅमसंगमध्ये ‘ड्युअल मेसेंजर’, रिअलमी, ओपो, विवोमध्ये क्लोन अशा नावाने एकाच ॲपची दुसरी प्रत काढता येते. दोन सिमवर दोन व्हॉट्सॲप चालावेत म्हणून आलेली सोय. त्या प्रतीला मूळ ॲपची मर्यादा लागेलच असं नाही. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये ‘सेकंड स्पेस’ही असते. कुलपावर दुसरा पिन टाकला की दुसराच फोन उघडल्यासारखं होतं, वॉलपेपरसकट. अँड्रॉइड १५ पासून ‘प्रायव्हेट स्पेस’ नावाचा लपवायचा कप्पा आलाय. शोधायचं कसं? सेटिंग उघडा, वर शोधायची पट्टी असते, तिथे एकदा ‘ड्युअल’, एकदा ‘क्लोन’, एकदा ‘स्पेस’ असं टाइप करा. जे निघेल ते उघडून बघा. फोनमध्ये दोन कॅल्क्युलेटर दिसले तर दुसऱ्यावर बोट ठेवायला विसरू नका. बेरीज-वजाबाकीचं सोंग घेतलेली फोटो लपवायची ॲप खूप आहेत.

चौथं कारण मात्र पोराचं नसतं, फोनचं असतं. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागे चालणारी ॲप मारून टाकतात. त्यात फॅमिली लिंकही सापडतं. तुम्ही संध्याकाळी मर्यादा बदलता आणि ती मुलाच्या फोनपर्यंत पोहोचतच नाही. मुलाच्या फोनवर बॅटरीच्या सेटिंगमध्ये फॅमिली लिंकला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर चालू करा. शिवाय नवा नियम पोहोचायला त्या फोनचं नेट चालू असावं लागतं. कारण नसताना पोराच्या कानाखाली बसलेली मी माझ्या दुकानात पाहिलीय. नंतर कळलं की दोष बॅटरी सेव्हरचा होता. बापाने “बरं बरं” म्हटलं. पोराला सॉरी म्हणाला नाही.

पाचवं कारण मी शेवटी सांगतो, पण या पाचांत सापडतं ते सगळ्यात जास्त. गळती तुमच्याच खिशात असते. फॅमिली लिंकमध्ये ‘बोनस टाइम’ द्यायची सोय आहे आणि मुलाचा बंद फोन उघडायला पालकाच्या ॲपमध्ये एक कोडही दिसतो. तुमच्या फोनचा पिन लग्नाची तारीख, गाडीचा नंबर किंवा एक-दोन-तीन-चार असेल, तर तुम्ही आंघोळीला गेल्यावर पोरगं स्वतःच स्वतःला अर्धा तास मंजूर करून घेतं. एका ताईंच्या घरी तर थोरला धाकट्याला दहा रुपयांना पंधरा मिनिटं विकत होता. बाईंना हसावं की रडावं कळेना. आधी स्वतःचा पिन बदला, तो सहा आकडी ठेवा आणि पोराच्या डोळ्यांदेखत टाकू नका.

माझ्याच घरातली गोष्ट

दुसऱ्याचं सांगतोय तर माझंही सांगतो. माझी मुलगी नववीत आहे. तिच्या फोनवर सगळं चोख लावलं होतं, दुकानदाराचीच पोर म्हटल्यावर काय बोलायचं! तरी तिची मैत्रीण सहज बोलून गेली, “काका, ती रात्री अकराला ऑनलाइन असते की.” मी तिचा फोन उलटापालटा करून पाहिला. क्लोन नाही, दुसरा ब्राउझर नाही, माझा पिन बदललेला. काही सापडेना.

सापडलं ते आईच्या बोलण्यातून. माझी आई यूट्यूबवर हरिपाठ लावते, संध्याकाळी अर्धा तास. ती म्हणाली, “अरे, माझ्या मोबाईलची बॅटरी बघ की, दिवसातनं दोनदा लावाय लागतीय.” मी आपला बॅटरी बदलायच्या तयारीत. मग सहज वेलबीइंग उघडून पाहिलं. यूट्यूब बत्तीस मिनिटं. इन्स्टाग्राम एक तास पन्नास मिनिटं. आमची आई पंचाहत्तरीची, चष्मा लावूनही मिस्ड कॉलचा नंबर वाचता येत नाही तिला. इन्स्टाग्राम तिसऱ्या पानावर, ‘टूल्स’ नावाच्या घडीत, कंपास आणि रेकॉर्डरच्या मधे बसलं होतं.

म्हणून आता मी गिऱ्हाइकाला सांगतो, घरातल्या सगळ्या फोनचा वेलबीइंगचा डॅशबोर्ड एकदा बघा. आजीचा, आजोबांचा, मोलकरीण मावशींना दिलेल्या जुन्या फोनचा, कपाटात पडलेल्या तुटक्या काचेच्या फोनचाही. त्याला सिम लागत नाही, घरच्या वायफायवर सगळं चालतं. कपाटातला फोन चार्ज असेल तर कोणीतरी तो वापरतंय. वायफायच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, ती रात्री साडेअकराला उघडा. ओळखीचं नसलेलं एखादं नाव त्यात दिसलं, तर सकाळपर्यंत थांबायची गरज नाही.

इन्स्टाग्रामच्या आतलं

भारतात फेब्रुवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामने ‘टीन अकाउंट’ आणलीत. अठराच्या आतलं खातं आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी माणूस थेट मेसेज टाकू शकत नाही, तासभर झाला की उठायची आठवण येते. सोळाच्या आतल्या मुलाला हे नियम सैल करायचे असतील तर पालकाची परवानगी लागते. ऐकायला छान. पण हे मुख्यतः खात्यावर लिहिलेल्या जन्मतारखेवर चालतं. पोरीने पाचवीत असताना आयडी काढली असेल आणि तेव्हा जन्मसाल २००० टाकलं असेल, तर इन्स्टाग्रामच्या हिशोबाने ती लग्नाला आलेली बाई आहे. तिला कुठलंच संरक्षण नाही. ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये वैयक्तिक माहितीत जन्मतारीख दिसते. दुकानात मी सगळ्यात आधी तीच उघडतो.

दुसरी आयडी असणारच असं धरून चाला. एक नातेवाइकांसाठी, जिच्यावर दिवाळीचे फोटो. दुसरी दोस्तांसाठी. प्रोफाइलवर वरच्या नावाला हात लावला की त्या फोनवर जोडलेल्या सगळ्या आयडी खाली उघडतात. प्रत्येक आयडीला पालकांची देखरेख वेगळी जोडावी लागते. एक जोडली म्हणजे सगळ्या आल्या असं नाही.

आणि ‘स्लीप मोड’बद्दल एक मोठा गैरसमज आहे. तो रात्री दहा ते सकाळी सात असतो, हे बरोबर. पण त्यात फक्त सूचनांचा आवाज बंद होतो आणि मेसेजला आपोआप उत्तर जातं. ॲप उघडतं, रील चालतात. रात्री ते खरोखर बंद व्हायला हवं असेल तर पालकाने स्वतःच्या इन्स्टाग्रामवरून देखरेख जोडून तशी वेळ लावावी लागते. त्यासाठी तुमचंही खातं लागतं. जोडल्यावर मूल किती वेळ होतं, कोणाला फॉलो करतं, गेल्या सात दिवसांत कोणाकोणाशी मेसेज झाले, एवढं दिसतं. काय बोलले ते दिसत नाही. मला विचाराल तर एवढं पुरे.

आयफोनवाल्यांसाठी दोनच गोष्टी. ‘स्क्रीन टाइम’ला वेगळा पासकोड लावा, फोनचा नको. आणि मर्यादेच्या खाली वेळ संपल्यावर ब्लॉक करायचं एक बटण असतं, ते चालू करा. ते बंद असेल तर वेळ संपल्यावर ‘दुर्लक्ष करा’ असं विचारतं आणि पोरं तिथे दुर्लक्षच करतात.

मेसेज वाचायचं ॲप मी टाकून देत नाही

“दादा, तिचे सगळे मेसेज आमच्या फोनवर दिसतील असं काहीतरी टाका.” हे कुजबुजत सांगतात, शटरजवळ येऊन. मी नाही म्हणतो, आणि ते फक्त नीतीसाठी नाही. अशी हेरगिरीची ॲप बहुतेक प्ले स्टोअरच्या बाहेरून घ्यावी लागतात. ती बसवायला घातक ॲप अडवणारं फोनचं ‘प्ले प्रोटेक्ट’ बंद करा म्हणतात, ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. म्हणजे फोनवर जे जे टाइप होतं, दिसतं, ते सगळं एका अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर. एमस्पाय हे त्यातलं जगभर खपणारं नाव. त्यांचा डेटा २०१५, २०१८ आणि २०२४ असा तीनदा बाहेर पडला. अनोळखी माणसापासून पोरीला वाचवायला निघालो आणि तिचे फोटो स्वतःच्या हाताने अनोळखी माणसाला दिले, असा हा प्रकार.

काही आया मुलाचं व्हॉट्सॲप आपल्या लॅपटॉपवर गुपचूप जोडून ठेवतात. पोराने ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडलं की लॅपटॉप तिथे नावासकट दिसतो. त्या दिवसापासून खरं बोलणं स्नॅपचॅटवर सुरू होतं, जिथे मेसेज वाचल्यावर गायब होतो. आईच्या हाती व्हॉट्सॲपवरचा गृहपाठ उरतो.

काही वावगं सापडलं तर फॉरमॅट मारू नका

हे जरा थांबून वाचा. धमकी, घाणेरडे फोटो मागणं, खोटी आयडी काढून बदनामी, पैसे उकळणं, असं काही दिसलं की घरच्यांचं पहिलं वाक्य असतं, “सगळं उडवा, फॉरमॅट मारा.” रागाने म्हणतात, लाजेनेही म्हणतात. पण फॉरमॅट मारला की पुरावाही गेला. त्या आयडीचं नाव, प्रोफाइलची लिंक, मेसेज, वेळ या सगळ्याचे स्क्रीनशॉट आधी घ्या. समोरच्याला ब्लॉक नंतर करा. पैसे पाठवू नका, एकदा पाठवले की मागणी वाढते.

पैशाचा मामला असेल तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर लगेच लावा. बाकी तक्रार सरकारच्या राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर होते आणि बायका-मुलांच्या बाबतीतली तक्रार तिथे नाव न देताही करता येते. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा नंबर आहे. अठराच्या आतल्या मुलाचा खाजगी फोटो फिरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, तेवढाच जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो हुडकून काढतात. पोराला रागवायचं असेल तर हे सगळं झाल्यावर, आणि खरं तर तेव्हाही नको. पुढच्या वेळी ते तुमच्याकडे येईल की नाही, हे त्या संध्याकाळी ठरतं.

“सरकारच बंद का करत नाही?” हा प्रश्नही रोजचा. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियाची खाती बंद केली, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात अठराच्या आतल्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना दीड वर्षाची मुदत आहे. तोवर नववीतलं पोरगं अकरावीच्या उंबऱ्यावर असेल.

आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने २०२२ मध्ये कोणाची वाट न बघता भोंगा लावला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला परत भोंगा. तिथे पोरांना वेगळा नियम नव्हता. सातला बापाचाही फोन बंद. आमच्या घरात भोंगा नाही, पण हॉलमधल्या एका बोर्डावर चार चार्जर लावलेत आणि साडेदहाला चारही फोन तिथे येतात, आईचा धरून. दुकानाचे फोन येतात म्हणून मी अधूनमधून माझा उचलतो. मग पोरगी कॅलेंडरवर माझ्या नावापुढे फुली मारते. गेल्या महिन्यात माझ्या सात झाल्या, तिच्या दोन.

एक शेवटचं. फोनला मोठा अपडेट आला की वरच्या सगळ्या गोष्टी परत एकदा बघून घ्या, बॅटरीची परवानगी बऱ्याचदा तेव्हाच उडते. आणि दुकानात येणार असाल तर नुसता फोन आणू नका, पोराला घेऊन या. जे काय लावायचं ते मी त्याच्यासमोर लावतो आणि कशासाठी ते त्यालाच सांगतो. गुरुवारी दुकान बंद असतं.